उतारावरची भिंत

४ फेब्रुवारी

अर्ज परत आला. कोपऱ्यात लाल पेनाने दोन शब्द — 'परंपरेस बाधक'. खाली कुणाची सही आहे ते वाचता येत नाही.

मी मागितलं काय? दफनभूमीत हिच्या शेजारची जागा. माझ्यासाठी, पुढेमागे लागेल तेव्हा. हिला जाऊन चार महिने झाले. ती खालच्या बाजूला आहे, भिंतीला लागून. मी वरच्या बाजूचा. पंथ दोन, फाटकं दोन, समित्या दोन, मधे भिंत. आम्ही बसून मनातल्या मनात प्रार्थना करतो, ते उभे राहून मोठ्याने. बाकी देव एकच, किराणावाला एकच, दवाखानाही एकच. मेल्यावर मात्र वेगळे.

पालिकेच्या नकाशा विभागात छत्तीस वर्षं काढली. 'बाधक' हा शेरा लोकांच्या अर्जांवर शेकडो वेळा पाहिला असेल. आपल्या अर्जावर कसा दिसतो ते आज कळलं.

५ फेब्रुवारी

पुन्हा अर्ज केला. मजकूर तोच. अक्षर मोठं.

९ फेब्रुवारी

हिच्याकडे जाऊन आलो. वरचं फाटक घरापासून सात मिनिटांवर आहे. तिथल्या कठड्यावरून वाकलं की हिची कबर दिसते, अगदी पायाखाली. पण उतरायला वाट नाही. कालव्याला वळसा घालून खालच्या फाटकाने जायचं — पाऊण तास. गुडघा सगळा वेळ बोलत असतो.

मेहुणी आधीच येऊन बसली होती. डोळे पुसत म्हणाली, "ताईचा आवाज आठवतो हो, भावजी. आमच्याकडे सगळ्यांत गोड तिचाच." मी मान हलवली. मला हिची सकाळची हाक आठवली — 'अहो, दूध उतू जातंय!' माझ्यासाठी तोच आवाज. तोही गोडच होता.

घरी आल्यावर कोठीच्या दारापाशी उगाच उभा राहिलो. रोज सकाळी ही दहा मिनिटं आत जाऊन कडी लावून घ्यायची. "डबे लावते," म्हणायची. डबे तर आदल्या दिवशीच लावलेले असत. मी कधी विचारलं नाही. माणसाला दहा मिनिटं स्वतःची असावीत.

१४ फेब्रुवारी

चौकात सभा होती. मी भाजी घेऊन परतत होतो, गर्दीत अडकलो. बोलत होता तो तोफ. खरं नाव आता त्याच्या घरचेच घेत असतील. आधी टायरचं दुकान होतं, आता पालिकेत सदस्य आहे, पुढे आणखी वर जायचं आहे.

"तीनशे वर्षं! तीनशे वर्षं आपल्या बापजाद्यांनी ही भिंत राखली. आपण कुणाला हाकलतो का? नाही. कुणाचं वाईट चिंततो का? नाही. आपापल्या जागी राहा, एवढंच म्हणतो. याला कुणी असहिष्णुता म्हणत असेल तर म्हणू दे, मी याला संस्कृती म्हणतो. आणि आज एक माणूस — मी नाव घेणार नाही — बायकोच्या प्रेमाचं निमित्त करून या भिंतीला भोक पाडायला निघालाय!"

टाळ्या. शिट्ट्या. दोन मार्चच्या सर्वसाधारण सभेत तो ठराव आणणार आहे — भिंत चार फूट उंच करायची आणि वर बापजाद्यांच्या नावाची फरशी बसवायची.

शेजारच्या माणसाने मलाच विचारलं, "कोण हो हा माणूस?"

"असेल कुणीतरी," म्हणालो आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मला राग उशिरा येतो. भाजी धुताना आला.

१५ फेब्रुवारी

न्हावी म्हणाला, "काका, कशाला डोक्याला ताप? मेल्यावर कुणाला कळतंय शेजारी कोण आहे ते."

"मग भिंत तरी कशाला?"

त्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला. "हे खरं आहे," म्हणाला. पहिला माणूस आपल्या बाजूला!

२१ फेब्रुवारी

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी नकाशा विभागात गेलो. माझ्या खुर्चीवर आता माझ्याच हाताखाली शिकलेली बाई बसते. "सर, तुम्हाला कुलूप कशाला, कपाटं तुमचीच," म्हणाली. तीनशे वर्षांचा काही पुरावा असला तर एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढाच विचार होता. असता तर अर्ज मागेही घेतला असता. खोटं का लिहू?

दफनभूमीचा भूमापन क्रमांक एकशे बारा. त्या क्रमांकाची गुंडाळी काढली, टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. मथळा — 'उतारावरील माती धरून ठेवण्यासाठी भिंत'. साल एक्केचाळीस वर्षांपूर्वीचं, पुराचं. आणि उजव्या कोपऱ्यात, 'आरेखक' या शब्दापुढे, माझी सही.

माझी! तेव्हाची, शेपूट लांब काढलेली.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. पुराने जागोजागी उतार खचले होते. महिनाभरात अठरा भिंतींचे नकाशे काढायचे होते. आम्ही जागेवर जात नव्हतो. साहेब मोजमापांचा कागद टेबलावर टाकायचे, वर फक्त क्रमांक. काढा, सही करा, पुढचा घ्या. कुठली भिंत कुठे उभी राहिली ते आम्हाला ठाऊक नसायचं आणि कुणी विचारायचंही नाही. मी ही भिंत कागदावर उभी केली आणि एक्केचाळीस वर्षं तिला वळसा घालून चाललो.

हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसलो. ती बाई घाबरली. "सर, पाणी आणू?"

त्याच कपाटात पुराआधीची दफनांची नोंदवही सापडली. सगळे ओळीने, तारखेप्रमाणे. इकडचा, तिकडचा, पुन्हा इकडचा. पंथाचा रकानाच नाही. भिंत झाली, वरून एक फाटक राहिलं, खालून एक. ज्याला जे जवळ तो तिकडे जाऊ लागला असेल. मग समित्या झाल्या. मग बापजादे आले.

२३ फेब्रुवारी

खालच्या रखवालदाराला घेऊन भिंत पाहिली. सहा-सहा फुटांवर पाणी निघायची भोकं आहेत. आत सिमेंटचे पाइप. मी काढले होते तसेच, तेवढेच. रखवालदाराने एकात काठी घालून पाहिली.

"ही पाणी निघायला होय? आमचा म्हातारा म्हणायचा, वरच्यांनी आमच्यावर नजर ठेवायला ठेवलीत."

"इतक्या खाली वाकून कोण बघणार?"

"तेच मी म्हणायचो. पण म्हाताऱ्यापुढे बोलायचं कुणी?"

२ मार्च

जिंकलो!

सभागृह गच्च. मागे लोक खिडक्यांत बसलेले. जागेच्या अर्जात मी भिंतीत दाराची मागणीही घातली होती; त्यावर बोलायला अध्यक्षबाईंनी माझं नाव पुकारलं. जन्मात कधी चार माणसांपुढे बोललो नाही. साहेबांच्या निरोप समारंभातही आभाराचा कागद दुसऱ्याने वाचला होता. नकाशा फळ्यावर लावला. हातात पट्टी होती, तिच्यामुळे निभावलं.

म्हणालो, "ही भिंत तीनशे वर्षांची नाही. एक्केचाळीस वर्षांची आहे. मला कसं माहीत? मीच काढली आहे." सही दाखवली. मग भोकं दाखवली. "तीनशे वर्षांपूर्वी बापजाद्यांनी सिमेंटचे पाइप कुठून आणले, ते सन्माननीय सदस्यांनी सांगावं."

खिडक्यांतून हशा. तोफही हसला — तो कच्चा माणूस नाही. उठला आणि एकदम खालच्या आवाजात बोलला. "काकांचा कागद खरा असेल. मी कागदाला चूक म्हणत नाही. पण संस्कृती कागदावर असते का? लोकांच्या मनात ती भिंत तीनशे वर्षांची आहे. मनात आहे ती खरी."

मला वाटलं, गेलं सगळं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं —

"मग मनातली मनात ठेवा. मला दगडाच्या भिंतीत एक दार हवंय."

बाकं वाजायला लागली. मला थांबता येईना. म्हणालो, "दुसऱ्याला अडवणं एवढंच जर आपण जपून ठेवलेलं असेल, तर पोरांच्या हातात काय देणार? गाणं देता येतं, घर बांधायची रीत देता येते. अडवणूक काय द्यायची? माझी बायको पलीकडची होती. एकतीस वर्षं आमच्या घरात दोन्ही पंथ नांदले. माझी आई कडक, सगळ्यांना माहीत आहे. तरी एकतीस वर्षांत आमच्या घरात एकदाही कुणाचा आवाज चढला नाही. घरात जमतं ते जमिनीखाली का जमू नये?"

यावर सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

तोफचा ठराव पडला, सात विरुद्ध बारा. माझा अर्ज मंजूर. भिंतीत दार, उतरायला पायऱ्या, आणि ज्याला जिथे हवी तिथे जागा. हिच्या शेजारची माझी!

लेकीला फोन केला. "बाबा, तुम्ही बोललात?" तिने तीनदा विचारलं. मग म्हणाली, "आईला नवल वाटलं असतं."

३ मार्च

रस्त्यात अकरा जणांनी नमस्कार केला. त्यांतले चार कोण होते ते आठवेना.

१२ मार्च

पायऱ्यांचा नकाशा मीच काढून दिला. नऊ पायऱ्या, एका बाजूला कठडा, गुडघेदुखीवाल्यांसाठी मधे टेकायला जागा. या वेळी जागेवर जाऊन मोजलं. दोनदा.

संध्याकाळी दारात कोण? तोफ! हातात फळांची टोपली.

"काका, राग नाही ना?"

"नाही."

"मग दाराची फीत माझ्या हातून कापू द्या. शेवटी माणसं जोडणं हीच आपली संस्कृती."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. हे तो मनापासून म्हणत होता, जसं चौकातलंही मनापासून होतं.

"कापा," म्हणालो. "कात्री मात्र तुमची."

११ एप्रिल

दार उघडलं. फीत तोफने कापली, भाषण केलं, आपल्या बापजाद्यांनी माती धरून ठेवली असं काहीतरी. लोक हसले, टाळ्याही वाजवल्या. न्हावी दुकान बंद करून आला होता. वरचे उतरले, खालचे चढले. एका म्हातारीला पुराआधीच्या ओळीत तिचा थोरला भाऊ सापडला. ती दगडावर हात फिरवत म्हणत होती, "इतक्या जवळ होतास होय रे."

मी नऊ पायऱ्या उतरलो. घरापासून नऊ मिनिटं. गुडघा गप्प. हिच्या शेजारच्या जागेवर माझ्या नावाची खुंटी ठोकलेली. तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा अभिमान वाटला.

गर्दी पांगल्यावर मेहुणी आली. कबरीच्या डोक्याशी ताठ उभी राहिली आणि मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागली. त्यांची प्रार्थना मी कधी कान देऊन ऐकली नव्हती; हिच्या दफनाच्या दिवशी तर काहीच कानात शिरलं नव्हतं. ती चालीवर असते हेही मला ठाऊक नव्हतं. भिंतीवरची पाखरं उडाली.

संपल्यावर ती ओशाळून हसली. "माझं कसलं हो. ताई म्हणायची ती खरी प्रार्थना. तुम्ही तर रोज ऐकलं असेल."

"हो," म्हणालो.

१२ एप्रिल

लग्नानंतरचा पहिला आठवडा. सकाळी ही प्रार्थनेला खिडकीशी ताठ उभी राहिली, तोंड उघडलं, आणि मी आतून आलो. रागावलो नाही. हळूच म्हणालो, "आपल्याकडे असं चालत नाही. आईसमोर नको, एवढंच."

आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. ते वाक्य मी परत घेतलं नाही.

आज सकाळी कोठीत गेलो. आतून कडी लावली. दहा मिनिटं उभा राहिलो. डबे सगळे नीट लावलेले आहेत.

शेजारची जागा मला मिळाली. तिला हवी होती का, ते विचारायचं राहिलं.