भोंग्याची तार

२ मे, रविवार

प्रिय दादास,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहिलं आणि पेन पुढे चालेना. तेवढं एक वाक्य खोटं राहू दे, बाकीचं खरं लिहिते.

ट्रकबद्दल लिहायचं आहे. लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात ह्यांनी तो घेतला तेव्हा तू फोनवर ‘भंगार’ म्हणालास, आणि तेव्हापासून तुम्ही मेहुणे मेहुणे एकमेकांशी बोलत नाही. मी आपली मधल्या मधे लोंबकळतेय. मी ह्यांची बाजू घेतली. नवरा आहे, घ्यावी लागते. आणि खरं सांगू, त्यांनी त्या धुडाचं सोनं केलं रे. नवीन काही घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मोडीत निघालेल्या बसच्या सीटा बसवल्या, पाडलेल्या शेडचे पत्रे आणून मागे खोली केली, तिच्यात जनरेटर आणि वेल्डिंगचं मशीन. ताडपत्री मी शिवली, बोटांची चाळण झाली. खाणीतली यंत्रं दुरुस्तीला खाली आणणं परवडत नाही, तर आपणच वर्कशॉप वर न्यायचं, असा बेत. डोंगरावरच्या खाणीचं काम मिळालंसुद्धा. गुरुवारी निघायचंय. भाड्याचा गाळा सोडला. आता पोट काय ते ह्या ट्रकवर.

तू बस चालवतोस, तुला ब्रेकचं मी काय शिकवणार. ह्याचे ब्रेक हवेवर आहेत. टाकीत हवा नसली की पेडल नुसतं खाली बसतं. हवा कमी झाली की भोंगा वाजतो. आमच्या टाकीजवळ कुठेतरी बारीक गळती आहे. रोज सकाळी टाकी रिकामी, आणि इंजिन चालवून ती भरेपर्यंत भोंगा बोंबलतोय. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तक्रार घेऊन आल्या, पेशंट दचकतात म्हणाल्या. ह्यांनी सरळ भोंग्याची तार तोडली.

बरं, गळती काढा म्हटलं, तर टाकीच्या वरच जनरेटरसाठी जाड पत्रा वेल्ड करून ठेवलाय. स्वतःच्या हाताने, पक्का, हत्ती नाचला तरी हलायचा नाही. पाइपापर्यंत हातच पोचत नाही. मागच्या खोलीची सगळी जमीन कापावी लागेल. पहिलं बिल निघू दे, मग कापू, म्हणतात.

मागे फोनवर मी तुला म्हटलं होतं ना, भिंतीला जरासा धक्का लागला म्हणून? जरासा नव्हता. शाळेकडच्या चढावर पुढे टेम्पो अडकला होता, आम्ही मागे उभे. डिझेल वाचवायला ह्यांनी इंजिन बंद केलेलं. मला फुसफुस ऐकू येत होती. मी म्हटलं, अहो, हवा जातेय. ते शांतपणे पुढे बघत राहिले. पुन्हा म्हटलं, तरी तसेच. आणि गाडी मागे सरकायला लागली. त्यांनी पाय दाबला, काही नाही. हँडब्रेक ओढला, तो त्या वजनाला कसला पुरतोय. शेवटी स्टिअरिंग फिरवून मागची बाजू कंपाउंडच्या भिंतीत घातली, तेव्हा थांबलो. आमची पोर, ठकी, आमच्या दोघांच्या मधे बसली होती. मागे रस्त्यावर कुणी नव्हतं हे नशीब.

दादा, ह्यांना ऐकू येत नाही.

लिहिलं एकदाचं. इतकी वर्षं हातोडा आणि ग्राइंडर, कानांचं दुसरं काय होणार. मला वाटायचं, लक्ष देत नाहीत. नवरे कुठे देतात? पण डॉक्टरीणबाई गेल्यावर हे मला म्हणाले, “एवढा कुठे वाजतो गं? लोकांना उगाच खुसपट काढायला हवं.” तेव्हा मला कळलं. तो भोंगा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

भिंतीच्या प्रकारानंतर मी तोंडावर सांगितलं, ओरडून सांगितलं. बराच वेळ फडक्याने स्टिअरिंग पुसत बसले. मग म्हणाले, “खाणवाल्याला कळलं तर काम जाईल. मग मी काय करू, ते तू सांग.”

भांडून झालं, अबोला धरून झाला. किल्ली लपवावी म्हटलं, तर ह्या लष्करी ट्रकला मेली किल्लीच नाही, नुसतं बटण. म्हणून गुरुवारी मी शेजारी बसणार आहे. हवेचा काटा चालतो, पण वळणावर ते रस्ता बघतील की काटा? काटा मी बघेन, फुसफुस मी ऐकेन. मी मांडीवर थाप मारली की गाडी बाजूला घेऊन चाकांना दगड लावायचे, एवढं कबूल करून घेतलंय. चढताना निभेल. उतरतानाचं काही खरं नाही. मला फार भीती वाटतेय रे.

बुधवारपर्यंत जमलं तर ये. डेपोतला एखादा मेकॅनिक घेऊन ये आणि तो पत्रा कापायला लाव. तुझ्यावर चिडतील, पण कापतील. बायकोसमोर हट्ट धरायला त्यांना काही वाटत नाही, मेहुण्यासमोर वाटतं.

हे पत्र ठकीच्याच हाती देतेय. तुझ्या ओळखीच्या कंडक्टरबाई तिला तुझ्यापर्यंत पोचवतील. सुट्टीला मामाकडे चालले म्हणून स्वारी खुशीत आहे, तिला यातलं काही बोलू नकोस. दुधावरची साय तिला चालत नाही. झोपताना दिवा लागतो, त्यावरून चिडवू नका. पिशवीत कपडे जरा जास्तच भरलेत, स्वेटरसुद्धा आहे. अगदी तळाशी तिचा शाळा सोडल्याचा दाखला आहे.

सुट्टीला आलेल्या पोरीबरोबर दाखला कशाला, असं वहिनी विचारेल. तिला काय सांगायचं ते तूच ठरव.

तुझ्याच भरवशावर,
तुझी धाकटी