टाकी उतरवलेली ऑस्टिन

मी, साहेबराव भिवा ओव्हाळ, राहणार मौजे सांगवी, तालुका हवेली, पूर्वी पिंपरीच्या कारखान्यात फिटर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे डॉक्टरांनी माझ्यापासून लपवलेले नाही, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट मुलगा जयसिंग लिहू नका म्हणतो.

१. राहते घर व पोस्टातील शिल्लक पत्नी कस्तुरा हिला. तिच्या हयातीत जयसिंगने घराचा एक पत्राही तिला विचारल्याशिवाय हलवू नये. तिच्यामागे घर त्याचेच आहे.

२. हत्यारांची पेटी जयसिंगला. त्यातला जॅक शेजारी ज्योतीरामने "उद्या आणून देतो" म्हणून नेला, त्याला वर्षे झाली. तो त्याने आता तरी आणून द्यावा.

३. माझ्यामागे जेवणावळ नको. बुद्धवंदना म्हणावी.

४. ऑस्टिन गाडी दिघीच्या कोंडाजी व कौशल्याबाई यांची मुलगी नीला हिला द्यावी. जयसिंग म्हणतो, "बाबा, भंगारात घाला, अंगण तरी मोकळं होईल." म्हणून कारण लिहून ठेवतो.

गाडी पानशेतच्या पुरात बुडालेली होती, म्हणूनच मला परवडली. इंजिन मी चालू केले, पण पेट्रोलच्या टाकीत पाणी राहून ती आतून गंजली होती. खपल्या नळीत अडकत आणि गाडी भर रस्त्यात बंद पडे. १९६३ च्या मार्चमध्ये, एका रविवारी, टाकी घरीच बदलायला काढली. कस्तुराला चूल विझवायला सांगितली. बॅटरीची तार सोडली, पेट्रोल डब्यात काढून लांब ठेवले, मागची चाके काढून गाडी लाकडी ठोकळ्यांवर घेतली. टाकीचे पट्टे गंजून घट्ट बसले होते. घासलेट सोडत सोडत बोल्ट फिरवले. दुपारी ज्योतीरामने खालून आधार दिला आणि टाकी उतरली. उलटी केली तर आतून तांबडा चिखल पडला. जुन्या बाजारातून आणलेली दुसरी टाकी जागेवर जुळेना, म्हणून काम लांबले.

संध्याकाळी कस्तुरा माझ्याकडून किल्ली घेऊन गाडी झाडायला गेली. आतूनच म्हणाली, "अहो, मागच्या सीटवर कांद्याची सालं कुणी टाकली? आणि सीट ओली कशानं?"

किल्ली दिवसभर माझ्याच खिशात होती.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट करून आलो तर फाटकात कोंडाजी उभा. तेव्हा मी त्याला ओळखत नव्हतो. हातात बर्फीचा पुडा.

"मुलगी झाली. दोघी ठीक हायत. काल दुपारी तुमी नसता तर कौशल्या वाचली नसती."

"मी?"

"आवो, चाकणच्या रस्त्याला आमची बैलगाडी मोडली. कांद्याच्या गोण्यांवर ही कळा देत पडलेली. तुमी थांबला, दार उघडून ‘बसा’ म्हणाला. दवाखान्याच्या दारात सोडलंत. नाव इचारलं तर म्हणाला, सांगवीचा साहेबराव."

बोलता बोलता तो माझ्याकडे बघून थांबला. "पर काल तुमचं केस पांढरं हुतं."

मी अंगणाकडे बोट केले. मागची चाके भिंतीला टेकलेली, टाकी लिंबाखाली पडलेली. त्याने जवळ जाऊन नंबराची पाटी वाचली, पुन्हा वाचली. "आवाज बी नव्हता तिला," एवढेच पुटपुटला. पुडा पायरीवर ठेवला आणि पाठ न फिरवता फाटकापर्यंत मागे गेला.

सव्वा महिन्याने कौशल्याबाई लेकीला घेऊन आली. माझे तोंड बघितले आणि बाळावर पदर ओढला. चहा घेतला. निघताना म्हणाली, "दादा, एवढ्यात म्हातारं हू नका."

त्यानंतर चाकणच्या रस्त्याने मी कितीदा तरी मुद्दाम गेलो. प्रत्येक बैलगाडीपाशी गाडी हळू केली. मला कोणी थांबवले नाही. यंदाच्या आजारपणात केस पांढरे झाले. दाढी करताना आरशात तो माणूस दिसतो आणि वस्तरा हातात थांबतो. ती फेरी मी अजून केलेली नाही. पण नीला आहे. एकोणीस वर्षांची आहे, नर्सचे शिक्षण घेते. म्हणजे फेरी झालेली आहे. यापुढे माझी अक्कल चालत नाही.

५. म्हणून जयसिंगला सांगणे, बापाला वेडा म्हण, पण एवढे कर. मला घरातून नेल्यावर गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरावी, बॅटरीची तार जोडावी, किल्ली आत लावून फाटक उघडे ठेवावे. त्या दिवशी गाडीत कोणी बसू नये. दुसऱ्या दिवशी ती नीलाच्या ताब्यात द्यावी.

मधल्या वेळात गाडी अंगणात दिसली नाही, तर चोरीची तक्रार करू नये. शोधायलाही जाऊ नये. ती परत येईल.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, कबूल आहे.

सही : साहेबराव भिवा ओव्हाळ
मु. सांगवी, दि. ७ नोव्हेंबर १९८२

साक्षीदार :
(१) कुसुमताई रणपिसे, शिक्षिका, सांगवी. साहेबरावांनी माझ्यासमोर सही केली.
(२) ज्योतीराम शितोळे, सांगवी. माझ्यासमोर सही केली. त्या रविवारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत साहेबराव माझ्याबरोबर गाडीखाली होता. मी शपथेवर सांगतो.