अकरा दिवसांची सरासरी

दिघी,
२ फेब्रुवारी १९५९

तुळशीस,

नर्सिंगात तुम्हाला संख्याशास्त्र शिकवतात, बरं आहे. पण सरासरी शिकल्याबरोबर तू पहिली माझीच काढलीस! पत्रांवरचे शिक्के बघून लिहिलंस, "तू एका गावात सरासरी अकरा दिवस टिकतोस." वर मानसशास्त्राच्या बाई म्हणतात, असा माणूस संसाराला भितो. म्हणून महिनाभर एका जागी राहिलो तरच साखरपुडा!

आणि गणित तपासलं कुणी? सात नंबरच्या खाटेवरच्या मास्तरानं. माझी पत्रं त्याच्यापुढे पसरलीस, तुळशे? तू लिहितेस, मास्तर किती शांत, मास्तरांना कसली घाई नाही. अगं, पाय प्लास्टरात घातलेला माणूस जाईल कुठे? इथे काल बांगडा इतका लागला की... ते राहू दे.

मला इथे येऊन आज बारा दिवस झाले. महिना भरेपर्यंत हे पत्र टाकणार नाही, नाहीतर तारखेचा शिक्का बघून तुझा मास्तर हसेल. सकाळी खाडीपलीकडे अगरदांड्याला जाणारी होडी सुटताना बाबाजी तांडेल ओरडला, "येतोस का रं?"

"न्हाय," मी म्हटलं.

तर तो होडीतून उतरून आला आणि माझं कपाळ चाचपून म्हणाला, "ताप हाय काय तुला?"

अजून तरी तुझाच,
भागोजी