शाळेच्या हद्दीतलं घर

चि. ऋजुता,

हे घर शाळेच्या कॅचमेंटमध्ये, म्हणजे जिथल्या मुलांना तिथे प्रवेश मिळतो त्या हद्दीत, येतं म्हणूनच आपण घेतलं होतं. तीस वर्षांत कौन्सिलने ती हद्द तीनदा सरकवली, तरी आपली गल्ली आतच राहिली. तू एडिनबराला गेल्यावर शेजारच्या मनीषाने विचारलं, "काकू, एकटीला तीन बेडरूम कशाला?" मी म्हटलं, "नात इथल्या शाळेत जाईल." तुलाही दर फोनवर तेच सांगत आले. आज कौन्सिलचं पत्र आलं. आपली गल्ली हद्दीबाहेर गेली.

तुला परत बोलवायला माझ्याकडे दुसरंही कारण आहे, पण ते बोलायची मला सवय नाही. म्हणून हे पत्र पाठवणार नाही. उद्या फोनवर एवढंच विचारीन, की छोटीसाठी तिकडची कुठली शाळा बघितलीस. घर मात्र विकणार नाही.

तुझी,
आई