नळदुर्गच्या राउटरमधला नंबर

६ मार्च २००७, मंगळवार

नळदुर्गच्या बँकेत राउटर बसवला. रस्ता खोदतायत, त्यामुळं केबल जवळजवळ रोज दुपारी तुटते. म्हणून डायल-अप बॅकअप — मुख्य लाइन पडली की राउटरनं आपणहून साध्या टेलिफोनवरून उस्मानाबादच्या शाखेला फोन लावायचा. आणि बँकेच्या फोनला बाहेरगावी लावायची एसटीडीच नाही! मॅनेजरसाहेब म्हणाले, "तासाभरात चालू होईल, तवर एखादा लोकल नंबर लावून बघा की."

लोकल नंबर मला एकच पाठ. माहेरच्या घरचा. घातला, सेव्ह केला, लावून पाहिला. तिकडं घंटी वाजली तसा तोडला.

एसटीडी चालू झाल्यावर उस्मानाबादचा नंबर घातला आणि पळत जाऊन साडेपाचची एसटी पकडली. घर दहा मिनिटांवर होतं. गेले नाही. बुद्धघोषशी लग्न केल्यापासून, दोन वर्षं झाली, अप्पा माझ्याशी बोलत नाहीत.

९ मार्च, शुक्रवार

अव्वाचा, आईचा फोन — शेजारच्या महानंदाकाकूंच्या घरून, चोरून. "शिवांजली, रोज दुपारी घरी फोन येतोय गं. कुणी बोलत न्हाय, नुसतं टुंग टुंग वाजतंय. तूच नव्हं?"

नाही म्हटलं. तिला पटलेलं दिसलं नाही.

१२ मार्च, सोमवार

बुद्धघोष म्हणतो, तूच लाव ना फोन. याला सांगायला काय जातंय!

१३ मार्च, मंगळवार

पुन्हा अव्वा. "जेवण झालं की तुझे अप्पा फोनपाशी खुर्ची टाकून बसतेत. उचलतेत, ऐकत ऱ्हातेत. आज फोनमधी म्हनले, उन्हाचं हिंडत जाऊ नगं. मग हळूच ठेवला."

मी हिंडते, हे त्यांना माहीत आहे तर! कुणाकडून कळतं? दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. अप्पा कुणाशी बोलतायत? कुणाशीही असो, ते बोलणं माझ्यासाठीच होतं. हे लिहितानाही रडू येतंय.

१५ मार्च, गुरुवार

बँकेतून तक्रार. "मॅडम, तुमचा बॅकअप एकदाबी लागला न्हाय." धावत नळदुर्गला गेले. राउटर उघडून पाहते तर आत घरचा नंबर!

मूर्ख मी. एसटीच्या घाईत उस्मानाबादचा नंबर घातला, पण सेव्ह केलाच नाही. लोडशेडिंगमध्ये राउटर बंद पडला आणि चालू होताना सेव्ह केलेला जुना नंबर घेऊन बसला. केबल तुटली की लावतोय अप्पांना फोन!

आठ दिवस अप्पा एका खोक्याशी बोलत होते, मला समजून. नंबर बदलला की फोन बंद. पण बाहेर पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग. नंबर बदलला. तीनदा सेव्ह केला. केबल काढून पाहिली — उस्मानाबाद लगेच लागलं. साहेबांनी खुश होऊन चहा पाजला. तो अर्धा टाकूनच निघाले.

आजही घरी गेले नाही. दारात काय सांगणार — ती मी नव्हते?

१६ मार्च, शुक्रवार

अव्वाचा फोन नाही. दुपार फार लांबली.

१७ मार्च, शनिवार

दुपारी मोबाइलवर घरचा नंबर. अव्वा असेल म्हणून उचलला. अप्पा!

"दोन दिस झालं, मशीन गप हाय. दुरुस्त केलीस व्हय?"

मी मोबाइल कानाशी धरून बाहेर जिन्यात गेले.

"पस्तीस वर्सं टेलिफोनच्या खांबावर काढली म्या. माणूस न्हाय, हे पयल्याच दिवशी कळलं. एक्स्चेंजात इचारलं — बँकेचा फोन म्हनले. बँकेत कोन येऊन गेलं, तेबी कळलं. मशीनला काय म्हाईत माझा नंबर? तूच घातलास नव्हं."

"व्हय अप्पा," एवढंच म्हणाले.

"पाडव्याला या. दोघं."