हिरव्या लुगड्याबद्दल

बुलढाणा, मिशनचा दवाखाना
ता. २४ नोव्हेंबर १९२६

तीर्थरूप शेषरावदादास रुख्मिणीचा नमस्कार. प्रभूच्या कृपेनं मी बरी आहे, आणि देऊळघाटला तुम्ही सगळी नीट असावीत म्हणून रोज प्रार्थना करते. हे पत्र मास्तरांकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी तूच वाच.

यंदा थंडी लवकर पडली. सकाळी हौदावर बोटं वळत नाहीत. तुमची कापसाची वेचणी लागली असेल. वहिनीची कंबर कशी आहे?

काल तू धाडलेला किसनराव गाडी घेऊन आला. म्हणाला, "शेषरावदादानं मायचं हिरवं लुगडं मांगतलं. तेरवीच्या आंधी पाह्यजे." मी चहा पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. लुगड्याऐवजी त्याच्या हाती हे पत्र देते आहे.

तू माझ्या नावानं अंघोळ केलीस त्याला सहा वर्षं झाली. मी ख्रिस्ती झाले याचा राग होताच, पण पाटलाची लेक लोकांची रक्तापुवाची कापडं धुते, हे तुला जास्त झोंबलं. खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मलाही लाज वाटे. मग एक दिवस डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी हौदावर बसल्या, स्वतःच्या हातानं एक पट्टी चोळली नि म्हणाल्या, "रुख्मिणी, हे प्रभूच्या अंगावरचं आहे असं समजून धू. कोणाचं ते विचारू नको." तेव्हापासून मी विचारलं नाही. भिकाऱ्याचं नि तहसीलदाराचं सारख्याच मनानं धुतलं.

दिवाळीनंतर एक हिरवं लुगडं धुवायला आलं. त्याला ठिगळ होतं आणि ठिगळाची शिवण उलटी गेलेली. डावखुऱ्या हाताची. आपल्या आईशिवाय तशी शिवण कोण घालतं?

वॉर्डात काम करणाऱ्या गोजरबाईला तू बजावलं होतंस, आई इथं आहे हे मला कळू द्यायचं नाही. मी तिला धरलंच. ती म्हणाली, "तुयी माय म्हन्ते, ते डोयापुढं आली त मी दवा सोडून घरी जाईन." औषध सुटलं असतं तर आई वाचली नसती. म्हणून मी आत गेले नाही. आठ दिवस, दादा, भिंतीपलीकडे आई कण्हत होती आणि मी धूत होते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. त्या आठ दिवसांत मी प्रभूचं काम केलं नाही, आईचंच केलं. तिचं लुगडं वेगळं भिजवायची, वेगळं वाळवायची, काठ आत नि पदर वर अशी तिनंच शिकवलेली घडी घालायची. बाकीच्यांची कापडं कशीतरी आपटून टाकली. एका बाळंतिणीच्या चादरीवर डाग तसाच राहिला. तो बघून मला माझीच शरम वाटली. नवव्या दिवशी ठरवलं, आजपासून सगळ्यांचं सारखं. आलेली सगळी कापडं, आईच्या लुगड्यासकट, एकदम भट्टीच्या उकळत्या पाण्यात टाकली.

पिळताना आईच्या पदराची गाठ हाताला लागली. सोडली तर आत चार फुटाणे, फुगलेले, आणि बोटांना गोड चिकटा. गुळाचा खडा विरघळून गेला होता.

तुला आठवतं ना? पैनगंगेवर धुवायला निघाले की आई माझ्या पदराला गूळफुटाणे बांधायची. "धुनं झाल्याबिगर खाऊ नोको वं."

मी गोजरबाईकडे धावले. ती म्हणाली, आईनं परवा विचारलं होतं, "घडी कोन घालते वं?" आणि आज सकाळी माझ्याच हातचं धुतलेलं लुगडं तिनं पुन्हा पुढे केलं. गोजरबाई म्हणाली, "धुतेलच त हाये, माय." "असू दे. तिले दे."

आई मला बोलावत होती, दादा. आणि मी काय केलं? लुगडं ओलं होतं. वाळवून, घडी घालून, तेच हाती घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आत जाऊ म्हटलं. रिकाम्या हातानं जायचा धीर झाला नाही. सकाळी खाट रिकामी होती. तू मयत घेऊन देऊळघाटच्या वाटेला लागला होतास.

ओल्या लुगड्यानं गेले असते तर काय बिघडलं असतं? हे मी रोज प्रभूला विचारते. मी धूत राहते. आता प्रत्येक पदर चाचपून बघते, आणि सगळ्यांचं सारखं धुते. फुटाणे अजून खाल्ले नाहीत. दवाखान्यातलं धुणं काही संपत नाही.

लुगडं माझ्यापाशी आहे. ते मला राहू दे. लेक म्हणून मागत नाही, तो हक्क तू सहा वर्षांपूर्वी पाण्यात सोडलास. पण मयताचं वापरतं लुगडं परटिणीला द्यायची आपल्या घरची रीत आहे. आईचं शेवटचं धुणं मी धुतलं. एवढ्या नात्यानं दे.

वहिनीला नमस्कार.

तुझ्या घरची परटीण,
रुख्मिणी