जेवणाच्या टेबलावरचा वेढा

२ जानेवारी १९९७, गुरुवार
नव्या वर्षाचा संकल्प एकच. आमच्या गावच्या सिव्हिल गार्ड पोलिसांच्या बराकीचा वेढा, छत्तीस सालच्या यादवी युद्धातला, संपूर्ण, लहान आकारात. इमारत, अंगण, समोरचा चढ, आत गार्ड, बाहेर खाणकामगार. नियम मी लिहिणार. फाशांवर खेळायचा. मार्चपर्यंत पुरा. सिगारेट सोडायची हाही संकल्प होता, पण दोन संकल्प एकमेकांना मारतात.

एतेलविनाला म्हणालो, जेवणाचं टेबल थोडे दिवस लागेल. म्हणाली, गॅलरीचं दार थोडे दिवस काढून ठेवलं होतंस, तेव्हा आपलं लग्न नवं होतं. बायको विनोदी आहे. होकार समजलो.

या गावात माझ्याइतका निःपक्षपाती माणूस नाही. वडिलांचे वडील गार्ड होते, आत. आईचे वडील खाणीत होते, बाहेर, सुरुंगाच्या कांड्या घेऊन. आणि बाबा स्वतः आत होते, सात वर्षांचे. गार्डांची बायकामुलं बराकीतच राहत. बाबा त्याबद्दल कधी बोललेले नाहीत. कोणी नीट विचारलं नसेल.

६ जानेवारी, सोमवार
तीन राजांचा सण, भेटी द्यायचा दिवस. बाबांना भेट म्हणून एक कार्ड दिलं, माझ्या सर्वोत्तम अक्षरात : श्री. सेनेन, बराकीचे कमांडर. म्हणजे खेळात आतली बाजू त्यांची. बाबांनी वाचलं. थँक्यू म्हणाले. मग कार्ड कॉफीच्या गरम ग्लासाखाली ठेवलं, टेबलावर डाग पडू नये म्हणून. पद स्वीकारलं.

१८ जानेवारी, शनिवार
चारही भिंती उभ्या. प्लास्टर उत्तम बसलं. बराक पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली, म्हणून मागच्या खिडक्या किती ते कोणालाच आठवत नाही. बाबांना विचारलं. म्हणाले, माहीत नाही. थोड्या वेळाने दारातून म्हणाले, खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या. आणि टोपी न घालता पावसात फिरायला गेले.

त्यांना विषयात रस निर्माण झाला आहे.

भांड्यांचे स्पंज कापून गाद्या केल्या. एतेलविना बोलली. उद्या नवे स्पंज आणून देईन.

२५ जानेवारी, शनिवार
स्पंज राहिले.

बेलार्मिनो खाणकामगारांची बाजू घ्यायला तयार झाला. तो हार्डवेअरचं दुकान चालवतो, माझा शाळेपासूनचा मित्र. नियम वाचून म्हणाला, गड्या, आतल्यांचं पाणी संपेपर्यंत मी नुसता टेकडीवर सफरचंदाची सिद्रा पीत बसलो तर जिंकतो की. म्हणालो, तसं बसता येणार नाही. म्हणाला, का, तसंच तर केलं असेल त्यांनी. पाण्याचा नियम पुन्हा लिहायला घेतला. काल बँकेत कामावर असताना मॅनेजरने दोनदा हाक मारली म्हणे. मी पाण्यात होतो.

२ फेब्रुवारी, रविवार
महत्त्वाचा नियम आज सुचला. तहाचा.

आजीने एकदा सांगितलं होतं, वारायच्या थोडं आधी. तिसऱ्या दिवशी गोळीबार थांबला. बायकामुलांना बाहेर पडू दिलं. ती झाडूच्या दांड्याला उशीचा अभ्रा बांधून निघाली, दुसऱ्या हातात बाबा. आजोबा आतच राहिले. त्यांना नंतर बाहेर आणलं, पण पायी चालत नव्हे.

हे खेळात हवंच. नियम असा : तिसऱ्या दिवशी कमांडरने फासा टाकायचा. पाच किंवा सहा आले तर तह, बायकामुलं बाहेर. नाहीतर आत. दिवसाला एकदाच. साधा, न्याय्य.

आजीची आणि बाबांची प्रतिकृती आज रंगवली. आजीला निळा झगा. मूल हुबेहूब वाटावं म्हणून कान जरा मोठे केले. बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. जुना आहे, बदलायला हवा.

९ फेब्रुवारी, रविवार
छप्पर चढवलं. काढता येतं, म्हणजे आतल्या खोल्या दिसतात. कौलं एकेक कापली. बोटाला चिकटपट्टी.

एतेलविना म्हणाली, हे बंद कर, तुझे वडील रात्री झोपत नाहीत. म्हणालो, वयाने झोप कमी होते. म्हणाली, तुझ्या वयाने काय कमी झालंय ते मला ठाऊक आहे. तिला म्हणालो, त्यांना झोपताना लिंबाच्या फुलांचा चहा देत जा.

आता तिघंही स्वयंपाकघरात जेवतो. बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात. जागा कमी आहे.

आमच्यात पूर्वीपेक्षा जास्त बोलणं होतं. म्हणजे मी बोलतो. पण ते उठून जात नाहीत, लगेच तरी. सगळं मांडून दाखवलं की ते सुरुवात करतील. मला तेवढंच हवं आहे. एकदा त्यांनी मला सांगावं. ओलिवाला सांगण्यात अर्थ नाही. माझी बहीण ओविएदोत राहते, तिला या गोष्टींत रस नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ
पहिला डाव. ऐतिहासिक.

बेलार्मिनो सिद्राच्या दोन बाटल्या घेऊन आला. बाबा खुर्चीवर बसले. एतेलविना म्हणते, पाहुणा आला म्हणून बसले. मी म्हणतो, कमांडर म्हणून बसले.

पहिला दिवस संथ. दुसऱ्या दिवशी बेलार्मिनोची माणसं चढ उतरून कुंपणापर्यंत आली. मी अंतरं मोजत होतो. बेलार्मिनो म्हणाला, तुझा एक आजोबा दुसऱ्यावर कांडी फेकतोय आणि तू मध्ये मोजपट्टी धरून उभा आहेस, लेका, तुझा फोटो काढायला पाहिजे. मी हसलो. बाबांनी बेलार्मिनोचा ग्लास भरला. स्वतःचा भरला नाही.

तिसरा दिवस. आतलं पाणी संपलं. मी छप्पर उचललं. बायकामुलं जिन्याखाली ठेवली होती. तहाचा फासा बाबांच्या हातात दिला.

दोन आले.

म्हणालो, आतच. बाबा म्हणाले, परत टाकतो. म्हणालो, बाबा, दिवसाला एकच. म्हणाले, हेर्मिनिओ, परत टाकू दे. बेलार्मिनो म्हणाला, टाकू दे ना रे, मला काय करायचीत ती, जाऊ देत. एतेलविना दारात भांडं पुसत उभी होती. तीही म्हणाली, टाकू दे.

तिघांनाही शांतपणे समजावलं. एकदा अपवाद केला की खेळ उरत नाही. मग काहीही होऊ शकलं असतं असं होतं. बाबा म्हणाले, आम्ही बाहेर आलो होतो. म्हणालो, हो बाबा, पण इथे दोन आले आहेत.

बाबांनी फासा टेबलावर ठेवला आणि खोलीत गेले. बेलार्मिनोची खेळी बाकी होती, पण त्याला दुकानाचं कुलूप लावलं की नाही ते आठवेना. भरलेली बाटली इथेच विसरला. मांडणी जशीच्या तशी ठेवली आहे.

एकंदरीत नियम टिकले.

१६ फेब्रुवारी, रविवार
बाबा सकाळच्या बसने ओलिवाकडे गेले. हवापालट. बॅग लहानच घेतली, म्हणजे दोन-तीन दिवस. एतेलविना दिवसभर बाबांची खोली आवरत होती. तिलाही हवापालट हवा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
ओलिवाला फोन केला. बाबा बरे आहेत, व्यवस्थित जेवतात. आणि बोलतात. काय बोलतात? म्हणाली, बराकीचं. काल जेवण झाल्यावर आम्ही बसलो होतो, आपणहून सांगायला लागले, संध्याकाळ झाली तरी सांगत होते. जिन्याखाली आजोबा येऊन त्यांच्याशी पत्ते खेळून जायचे, बंदूक मांडीवर ठेवून. मुद्दाम हरायचे.

म्हणालो, कोणते पत्ते, कितव्या दिवशी? म्हणाली, मी विचारलं नाही.

हेच. मी असतो तर विचारलं असतं.

म्हणालो, बाबांना फोन दे. तिने रिसीव्हर बाजूला ठेवला. मग ओलिवाच आली. म्हणाली, ते म्हणतायत, टेबल रिकामं कर, मग येतो. म्हणालो, रिकामंच आहे असं सांग.

उद्या रिकामं करतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार
तांत्रिक अडचण. बराक खोलीत बांधली, दारापेक्षा रुंद झाली. आडवी, तिरपी, उभी, सगळं मोजून पाहिलं. अखंड बाहेर निघत नाही. बेलार्मिनोला दुकानात जाऊन विचारलं. त्याने काउंटरवर हातोडा ठेवला. मग म्हणाला, पैसे देऊ नकोस. त्याच्या विनोदाला हल्ली धार राहिलेली नाही. डाव पुरा करायला कधी येतोस विचारलं. म्हणाला, माल यायचाय. कधी? म्हणाला, येतच राहतो.

घरी एतेलविना म्हणाली, सांग, मी धरू का पोतं, तू फोड. मी तिला भिंतींचं काम जवळून दाखवलं. ती बघत राहिली, भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

फोडणं हा उपाय नाही. बाबांचा आक्षेप बराक असण्याला नाही, दिसण्याला आहे. कपाटात मोठी पांढरी चादर आहे.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळ
बाबा दुपारी आले. एतेलविनाने घेवड्याचा रस्सा केला होता, सॉसेज घालून, त्यांना आवडतो तसा.

मी त्यांना आधी जेवणाच्या खोलीशी नेलं. चादर नीट बसली होती, कुठे चुणी नाही. छपरापाशी थोडी उंच. म्हणालो, बघा, काही दिसत नाही.

बाबा दारातच उभे राहिले. म्हणाले, आत आहेत अजून?

म्हणालो, निश्चिंत राहा बाबा, एकालाही हलवलेलं नाही.

म्हणाले, बरं.

रेनकोट काढला नाही. पॅसेजमधल्या बाकावर बसले. एतेलविनाने ताट वाढून आणलं, ते मांडीवर धरून ठेवलं आणि तसंच परत दिलं. तिला म्हणाले, छान वास येतोय पोरी. मी त्यांना पत्त्यांबद्दल विचारलं. मुद्दाम हरायचे ते कसं कळायचं तुम्हाला? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता सांगतात. म्हणाले, पाचची बस आहे ना?

एतेलविना त्यांना सोडायला गेली. तिच्या हातातही बॅग होती. विचारलं, बॅग कशाला? म्हणाली, तुझ्या नियमात बसत नाही, नको विचारू.

बसथांबा आमच्या खिडकीतून दिसतो. पाचची बस गेली. थांब्यावर कोणी नाही. कोपऱ्यावर मासळीवालीशी बोलत असेल.

खोलीत जाऊन चादर उचलली. छप्पर काढलं. जिन्याखाली आहेत सगळी. फासा टाकला. तीन. कोणी बघत नव्हतं म्हणून परत टाकला. परत टाकला. सहा आले.

आजीला आणि मुलाला उचलून अंगणात ठेवलं. मग अंगणाबाहेर. त्यापुढे टेबल संपतं. हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो, कुठे ठेवायची ते सुचेना.

आठ वाजले. रस्सा थंड झाला आहे. एतेलविना आली की गरम करेल.